लॉबीतला खेळगडी

३० ऑक्टोबर २०२०. कोजागिरीची रात्र. लोकलचे दार बायकांसाठी उघडून जेमतेम नऊ दिवस झाले होते, तेही गर्दीच्या वेळा सोडून. संध्याकाळी सातनंतरची गाडी धरून मी घाटकोपरहून मुलुंडला ताईकडे गेले. सोसायटीच्या गच्चीवर मोजकीच माणसे होती. सगळ्यांच्या तोंडाला मास्क आणि मसाला दुधाचे पेले एकमेकांपासून हातभर लांब. भाचा वर आला नव्हता, म्हणून त्याला बोलवायला मी खाली गेले. तो बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसला होता. कानात हेडफोन, मांडीवर फोन.

"थांब ना मावशी. आज शेवटची रात्र आहे."

पब्जी मोबाइलवर केंद्र सरकारने २ सप्टेंबरला बंदी घातली होती, आणखी ११७ अ‍ॅपसह. ज्यांच्या फोनमध्ये तो खेळ आधीपासून होता, त्यांचा पुढे चालूच राहिला. मग आदल्याच दिवशी कंपनीने जाहीर केले, की ३० तारखेला भारतातली सेवा पूर्ण बंद. भाचा तेव्हा दहावीत होता. पडद्यावर, जिथे सामना सुरू होण्याआधी खेळाडू उभे राहतात त्या लॉबीत, त्याचा गडी एकटाच उभा होता. भाच्याने त्याचे हेल्मेट काढले. मग जाकीट, मग बूट, मग पाठीवरची पिशवी. दोन वर्षे जमवलेले सगळे एकेक करून उतरवले आणि पहिल्या दिवशी होते तसले साधे कपडे चढवले. मग त्याचा एक स्क्रीनशॉट घेतला.

"हे कशाला रे?" मी विचारले.

"आला तसाच जाऊ दे."

दारात उभी असलेली ताई म्हणाली, "खेळच तो मेला. त्यात एवढं तोंड पाडायचं काय?" मीही तिच्या सुरात सूर मिसळला आणि त्याला गच्चीवर घेऊन गेले. पण ते वाक्य काही मनातून जाईना. 'आला तसाच जाऊ दे' हे आपण माणसाबद्दल म्हणतो. त्या रात्री देशातल्या कितीतरी घरांत अशी एकेक पाठवणी झाली असेल, आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या आईवडिलांना तिचा पत्ताही लागला नसेल. तेव्हापासून अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यात जिथे मुले भेटली, तिथे मी त्यांना एकच विचारत आले: तुझा गडी तुझा कोण?

*

'अवतार' हा शब्द आपल्याच अंगणातला. अव म्हणजे खाली. अवतरणे म्हणजे वरून खाली उतरणे. १९८५ मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी आपल्या 'अल्टिमा' खेळमालिकेतल्या चौथ्या भागाला 'क्वेस्ट ऑफ द अवतार' हे नाव दिले. त्याच सुमारास लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या खेळात चिप मॉर्निंगस्टार आणि त्यांचे सहकारी पडद्यावरच्या माणसाला अवतार म्हणू लागले. आपल्याकडे मात्र या शब्दाला घरगुती वास आहे. विस्कटलेल्या केसांनी आलेल्या पोराला आई म्हणते, "काय हा अवतार!" मराठीत अवतार म्हणजे देवाचे रूप, आणि माणसाचे या घडीचे ध्यानही.

मुले स्वतः हा शब्द क्वचितच वापरतात. ती म्हणतात 'माझी आयडी', 'माझं कॅरेक्टर', आणि खेळ रंगात आला की नुसते 'मी'. "मी मेलो", "मला रिव्हाइव्ह कर", "मी छतावर आहे, पोचिंकीत," म्हणजे पब्जीच्या नकाशावरच्या एका गावात. गोळी लागली की 'तो मेला' असे म्हणणारे एकही मूल मला भेटले नाही.

आपल्या भाषेने तर या 'मी'ला आणखी एक कसोटी लावून ठेवली आहे. मराठीत क्रियापद उच्चारले की बऱ्याचदा बोलणारा पुरुष की बाई ते कळते. बोरिवलीची एक बारावीतली मुलगी पुरुषाच्या रूपात खेळते. घरच्या खोलीत, मैत्रीण शेजारी असताना, ती म्हणते, "मी मेले." अनोळखी मुलांच्या स्क्वाडमध्ये माइक बंद करून ती मेसेज टाइप करते, "मी मेलो." मुलीचा आवाज ऐकला की समोरून काय काय येते, हे तिने दोनदा अनुभवले आणि तिसऱ्यांदा माइक लावला नाही. उलट बाईचे रूप घेऊन खेळणारी मुले बिनदिक्कत "मी मेलो" म्हणतात. त्यांना लपायचे कारण नसते. झहीर हुसेन आणि मार्क ग्रिफिथ्स या ब्रिटिश संशोधकांनी २००८ मध्ये ऑनलाइन खेळाडूंचा अभ्यास केला, तेव्हा ५७ टक्के खेळाडूंनी कधी ना कधी भिन्नलिंगी पात्र घेतलेले आढळले. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला याचे नवल वाटायला नको. नारायण श्रीपाद राजहंस रंगमंचावर ज्या तऱ्हेने लुगडे नेसत, त्या तऱ्हेची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. रूप आणि देह यांच्यात अंतर असते, आणि त्या अंतरात माणूस बरेच काही करू शकतो, हे आपण नाटकातून शिकलेलो आहोत.

उपनगरातल्या असंख्य घरांची एक खिडकी कोकणात उघडते, म्हणून मला दशावतारही आठवतो. दशावतारी नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. त्याच्या हातात लिहिलेली संहिता नसते. कथा ठाऊक असते, संवाद तो उभ्या उभ्या रचतो. रात्रभर राजा झालेला माणूस सकाळी शेतावर जातो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या 'दशावतार' चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी असाच एक म्हातारा कलावंत उभा केला. पब्जीसारख्या खेळाच्या लॉबीत कपडे निवडणारा पंधरा वर्षांचा मुलगा काही फार वेगळे करत नसतो. रंग लावतो, कथा ठाऊक असते, संवाद उभ्या उभ्या सुचतात. फरक इतकाच, की दशावताराला पहाट असते.

*

खेळाडू आणि गडी यांचे नाते एकाच जातीचे नसते. जेमी बँक्स या अमेरिकी संशोधिकेने खेळाडूंच्या मुलाखतींवरून त्याचे चार प्रकार मांडले आहेत. काहींना गडी म्हणजे वस्तू, काहींना तो म्हणजे मीच, काहींना अर्धा मी आणि अर्धा तो, तर काहींना तो सरळ दुसराच कोणी. हे चारही मला आपल्या स्टेशनांच्या रांगेत भेटले.

अंधेरीत अभियांत्रिकी शिकणारा एक मुलगा व्हॅलोरंट खेळतो. सामन्यानुसार पात्र बदलतो आणि कुणाला जीव लावत नाही. "बॅट बदलतो तसं. पिच बघायचं आणि उचलायचं." त्या खेळात २०२२ पासून हार्बर नावाचा एक योद्धा आहे. कथेत त्याचे नाव वरुण बत्रा आणि गाव मुंबई. आपल्या शहराचा म्हणून तू त्याला घेतोस का, असे विचारले तर म्हणाला, "पहिले दोन आठवडे घेतला. मग जिंकायचं होतं." हा पहिला प्रकार.

माझा भाचा दुसऱ्या प्रकारातला. त्याच्या गड्याचे केस त्याच्यासारखे आणि रंग त्याच्यासारखा. फक्त खांदे रुंद.

तिसरा प्रकार बोरिवलीच्या त्या मुलीचा. "तो माझ्यासारखाच विचार करतो, पण घाबरत नाही. त्याच्यात शिरले की मीही घाबरत नाही." हे ती किती साधेपणाने बोलून गेली.

चौथा प्रकार घाटकोपरच्या एका सातवीतल्या मुलाकडे दिसला. त्याने रोब्लॉक्सवर एक बुटका, मोठ्या डोक्याचा प्राणी केला आहे. त्याच्याबद्दल तो आपल्या धाकट्या भावाबद्दल बोलावे तसा बोलतो: "त्याला उंचावरून उडी मारायला आवडत नाही." भातुकलीत बाहुलीला ताप यायचा, तेव्हा आपणही तिला असेच जपत होतो.

*

या नात्याला मराठीत दोन जुने शब्द आहेत, आणि मला वाटते मानसशास्त्राची निम्मी चर्चा त्या दोन शब्दांत मावते. एक परकायाप्रवेश, दुसरा अंगात येणे. आधी मी त्याच्यात शिरतो. मग तो माझ्यात येतो.

शिरताना आपण काय घेऊन जातो? ई. टॉरी हिगिन्स यांनी १९८७ मध्ये मांडले, की माणसाच्या मनात स्वतःची वेगवेगळी चित्रे असतात: मी आहे तो, मी व्हावेसे मला वाटते तो, आणि मी असायला हवा असे मानले जाते तो. पुढे २००७ मध्ये कॅथरिन बेसिएर आणि सहकाऱ्यांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळणाऱ्यांना स्वतःचे आणि आपल्या पात्राचे गुण लिहायला लावले. पात्र साधारणपणे स्वतःपेक्षा उजवे निघाले, आणि ज्यांचे मन मुळात खचलेले होते त्यांच्यात ही दरी जास्त रुंद होती. चेक संशोधक लुकाश ब्लिंका यांना २००८ मध्ये दिसले, की किशोरवयीन खेळाडू प्रौढांपेक्षा आपल्या अवताराशी जास्त एकरूप होतात. यात नवल नाही. एरिक एरिक्सन यांनी म्हटलेच होते, की या वयात माणसाला एक सवलतीचा काळ लागतो. वेगवेगळी रूपे घालून पाहायची आणि कुठलेही रूप कायमचे अंगाला चिकटू द्यायचे नाही, असा काळ.

आणि परतताना काय घेऊन येतो? स्टॅनफर्ड विद्यापीठात निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये माणसांना आभासी जगात रूपे वाटून दिली, कुणाला देखणे, कुणाला साधे, कुणाला उंच, कुणाला बुटके. ज्यांना देखणे रूप मिळाले ते समोरच्याच्या जास्त जवळ जाऊन उभे राहिले आणि स्वतःबद्दल मोकळेपणाने बोलले. ज्यांना उंची मिळाली त्यांनी पैशांच्या वाटपात आपला वाटा ठणकावून मागितला. रूप तर चिठ्ठ्या टाकल्यासारखे मिळालेले, तरी माणसे त्याच्यासारखी वागू लागली. पुढच्या अभ्यासात दिसले, की पडदा बंद झाल्यावर समोरासमोर बोलतानाही हा परिणाम थोडा वेळ टिकतो. रूपे बदलणाऱ्या ग्रीक सागरदेवावरून त्याला प्रोटियस परिणाम म्हणतात. आपल्या आजीने ते पूर्वीच सांगून ठेवले आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

हा गुण चांगलाही लागतो. त्याच विद्यापीठात जेसी फॉक्स यांनी २००९ मध्ये काही माणसांना त्यांच्याच चेहऱ्याचा अवतार ट्रेडमिलवर धावताना दाखवला. पुढच्या चोवीस तासांत त्या माणसांनी इतरांपेक्षा जास्त व्यायाम केला. बोरिवलीच्या मुलीने मला सांगितले, की बारावीच्या तोंडी परीक्षेत ती दोन मिनिटे गप्प झाली. मग तिने मनातल्या मनात आपल्या गड्याचे जाकीट घातले आणि बोलू लागली. मी हे वाक्य वहीत लिहून घेतले.

*

परकायाप्रवेशाची निकड कुठे लागते हे पाहायचे असेल, तर आपल्या उपनगरातली घरे पाहावीत. वन रूम किचनमध्ये पाच माणसे. अभ्यासाचे टेबल म्हणजे जेवणानंतर पुसून घेतलेला ओटा. इमारतीच्या आवारात गाड्या लागल्या आणि भिंतीवर 'येथे क्रिकेट खेळू नये' अशी पाटी आली. कपडे मोठ्या भावाचे, क्लास आईने निवडलेला, केस किती कापायचे ते शाळेने ठरवलेले. पंधरा वर्षांच्या मुलाला संपूर्णपणे स्वतःच्या मर्जीने ठरवता येईल असे त्या घरात काय असते? साडेसहा इंचांच्या पडद्यावर उभा असलेला तो एक माणूस.

दुसरी गोष्ट आडनावाची. मुंबईत नव्या मुलाला तीन प्रश्न विचारले जातात: आडनाव काय, शाळा कुठली, ईस्टला राहतोस की वेस्टला. तिन्ही उत्तरांतून त्याची जात, ऐपत आणि इंग्रजी मोजून होते. लॉबीत यातले काहीच विचारत नाहीत. तिथे नाव स्वतः ठेवलेले असते. मुंबईच्या नमन माथूरला देश 'मॉर्टल' म्हणून ओळखतो, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी ज्या खेळाडूंना भेटायला बोलावले त्यांत तो होता. अशी उदाहरणे पाहून मुले स्वप्न बांधतात हे खरे. पण बहुतेकांना प्रसिद्धी नको असते. त्यांना फक्त एक जागा हवी असते, जिथे आडनावाआधी कौशल्य दिसते.

भाच्याच्या दहावीचे मला यासाठीच वाईट वाटते. कोरोनामुळे २०२१ ची दहावीची परीक्षा झालीच नाही. १६ जुलैला निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. पेढे वाटले. पण त्या वर्षी त्याने स्वतःच्या घामाने काही मिळवले असेल तर ती त्या गड्याची रँक होती, आणि ती कोजागिरीच्या रात्री पुसली गेली. आम्ही त्याला खेळ म्हणालो.

*

परकायाप्रवेशाची आपली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आद्य शंकराचार्यांची. मृत अमरुक राजाच्या देहात ते शिरले आणि स्वतःचा देह शिष्यांच्या पहाऱ्यात ठेवला. राजा अचानक शहाणा झालेला पाहून मंत्र्यांनी ओळखले, की हा कोणी योगी आहे. आणि हा इथेच राहिला तर आपले बरे, म्हणून त्यांनी हुकूम दिला: राज्यात जिथे बेवारस देह सापडेल तिथे जाळून टाका. परतायला देहच उरला नाही, तर योगी जाणार कुठे?

ते मंत्री आजच्या खेळांच्या बाजारातही आहेत. आज नाही आलास तर बक्षीस बुडेल, हा पोशाख फक्त तीन दिवस, ही पेटी उघड, कदाचित तेच जाकीट निघेल. गड्यावर जीव जडला आहे हे ज्यांना कळते, ते त्या जिवाला किंमत लावतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जोगेश्वरीतल्या एका किशोरवयीन मुलाने आईच्या खात्यातून सुमारे १० लाख रुपये मोबाइलवरच्या खेळापायी खर्च केले. घरचे रागावले म्हणून तो निघून गेला आणि पोलिसांना अंधेरीत महाकाली लेण्यांच्या परिसरात सापडला. बातमीत आकडा मोठ्या अक्षरांत होता. पण तेवढे पैसे तो कुणासाठी खर्च करत होता, हा प्रश्न माझ्या वाचनात आला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली. जुगार वेगळा काढला, हे फार बरे झाले. पोशाखांच्या बाजाराचा प्रश्न मात्र घराघरात सोडवावा लागणार आहे.

काही मुले खरोखर परतत नाहीत, हेही तितक्याच गांभीर्याने सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत १ जानेवारी २०२२ पासून गेमिंग डिसऑर्डर अधिकृतपणे आहे. खेळावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारण बारा महिने चालणे, अशी त्याची लक्षणे. तास मोजून ते ठरत नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी शट क्लिनिक चालते, आणि सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही उत्तर देतो. झोप, जेवण, शाळा, मित्र हे चारही सुटत चालले असतील तर फोन करायला संकोच करू नये. अवताराशी एकरूप होणे हा आजार नव्हे. आरशातला स्वतःचा चेहरा इतका नकोसा होणे, की गड्याशिवाय श्वास घेता येऊ नये, तिथे धोका आहे. अशा वेळी फोन हिसकावून घेतला तर मुलाचा एकमेव नीट उभा राहणारा 'मी' आपण काढून घेतो. आधी इकडच्या 'मी'ला उभे राहायला जागा करावी लागते.

अमरुकाच्या गोष्टीचा शेवट म्हणूनच मला मोलाचा वाटतो. शिष्यांनी देह राखला, आणि वेळ झाली तेव्हा ते गवय्यांच्या वेषात राजाच्या दरबारात गेले. त्यांनी गाणे म्हटले. गाणे ऐकून गुरूला आपण कोण ते आठवले आणि ते परतले. शिष्यांनी दरबाराला आग लावली नाही. ते आत गेले, त्या जगाच्या रीतीने गेले आणि नावाने हाक मारली. आपल्याकडे साडेदहा वाजता वायफायचे बटण बंद होते. सामना अर्ध्यावर, तीन सवंगडी तिकडे वाट पाहत, आणि त्यांच्या लेखी हा पळून गेलेला. मुलाचा संताप आपल्याला व्यसन वाटतो. बऱ्याचदा ती सवंगड्यांपुढची लाज असते.

कुणी विचारले तर मी आईवडिलांना एवढेच सांगते. दिवसाचे तास जरूर ठरवा, पैशांच्या व्यवहाराला स्वतःचा ओटीपी ठेवा, पण त्याआधी एकदा शेजारी बसून लॉबी पाहा. याचे नाव काय? हे नाव का? हे जाकीट कुठे मिळाले? तुझ्यासारखा कुठे आहे, कुठे नाही? मुले या प्रश्नांची उत्तरे तासभर देतात. गृहपाठाबद्दल विचारले की एका शब्दात देतात.

*

२ जुलै २०२१ ला तोच खेळ बीजीएमआय नावाने भारतात परत आला. अठरा वर्षांखालील मुलांना पालकांची संमती हवी आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा, अशा नियमांसह. जुन्या खात्यातला गडी नव्या खेळात आणण्याची सोयही होती. ताईने ओटीपी दिला. मी त्या दिवशी तिथे नव्हते. तिनेच फोनवर सांगितले, की पडद्यावर तो दिसला तेव्हा भाचा काही बोलला नाही, फक्त फोन तिच्याकडे वळवून धरला. गडी कोजागिरीच्या रात्रीच्याच साध्या कपड्यांत उभा होता. सगळे सामान जागच्या जागी होते.

"मग त्याने परत घातलं का सगळं?" मी विचारले.

"हो. आधी बूट."

आता भाचा वीस वर्षांचा आहे. कॉलेज, मिशा, कर्जतपर्यंतचे ट्रेक. खेळतो, पण महिन्यातून एखाद्या वेळी. यंदा गणपतीत भेटला तेव्हा मी लॉबी दाखव म्हटले. त्याने उघडली. रुंद खांद्यांचा, कोवळ्या चेहऱ्याचा तो पोरगा होता तसाच उभा होता. भाचा उभ्या उभ्या त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. आता गड्यापेक्षा भाच्याचेच खांदे रुंद होते.

"बदलत का नाहीस त्याला? दाढी वगैरे दे."

"नको गं मावशी," तो म्हणाला. "तो अजून दहावीत आहे."